गोधडीचा कच्चा टाका : शाळेने कोणती पद्धत निवडावी?

गोधडी म्हणजे कापडाचे तीनचार थर धावदोऱ्याने एकत्र जोडून केलेले अंथरूण वा पांघरूण होय, हे आपल्या विद्यार्थ्यांस शिकवावे लागत नाही. त्यांतील कित्येक जण गोधडीतच वाढलेले असतात. परंतु धावदोरा घालण्यापूर्वी हे थर जागच्या जागी धरून ठेवावे लागतात, आणि ते कसे धरावयाचे याचा विचार कार्यानुभवाच्या तासाला फारसा होत नाही. कापडे एकावर एक अंथरली, कडेला चार टाचण्या खोचल्या, की मुले टाके घालावयास बसतात. पंधरवड्यानंतर पाहावे तो गोधडीच्या मध्यभागी फुगा आलेला असतो, वरचे कापड एका बाजूस चार बोटे पुढे गेलेले असते, आणि खालच्या कापडास पडलेल्या चुण्या टाक्यांखाली कायमच्या अडकलेल्या असतात. मग एक तर सगळी शिवण उसवावी लागते, किंवा ती गोधडी कोणा विद्यार्थ्याच्या आईकडे जाते व रात्रीतून शिवून प्रदर्शनाच्या टेबलावर येते. या दुसऱ्या प्रकारच्या गोधड्या ओळखणे अवघड नसते. त्यांचे टाके फारच सुरेख असतात.

हा दोष मुलांच्या हाताचा नव्हे. थर धरून ठेवण्याचे काम अगोदर नीट झाले असेल तर दहा वर्षांच्या मुलाचे वेडेवाकडे टाकेही गोधडी सपाट ठेवतात. ते झाले नसेल तर चांगल्या शिंप्याच्या हातूनही ती बिघडते. शिवाय येथे बिघडते ते बाजारातून पुन्हा आणता येईल असे कापड नसते. मूल घरून आजीचे जुने लुगडे घेऊन येते, तेव्हा त्या घरात तसे दुसरे असेलच असे नाही. सुती नऊवारी लुगडे नेसणाऱ्या स्त्रिया आता गावोगावी थोड्या उरल्या आहेत. म्हणून या तात्पुरत्या शिवणीस, म्हणजेच कच्च्या टाक्यास, दोन तास अधिक द्यावे लागले तरी ते द्यावेत असे माझे मत आहे. मात्र कच्च्या टाक्याची अमुक एकच पद्धत बरोबर, असा आग्रह धरून चालणार नाही. पद्धती अनेक आहेत, आणि प्रत्येकीस आपापली जागा आहे.

प्रथम थर सरकतात का, ते पाहू. धावदोरा घालताना सुई वरून खाली जाते व पुन्हा वर येते. ती पुढे ढकलली जात असता वरच्या कापडाला किंचित पुढे रेटते. दोरा ओढला, की टाक्यातले कापड किंचित आवळते. डाव्या हाताची बोटे शिवणीच्या पुढचे कापड दाबून धरतात, तेही थोडे पुढे लोटले जाते. खालचा थर मात्र जमिनीला टेकलेला असल्यामुळे घर्षणाने जागीच राहतो. एका टाक्यात हा फरक डोळ्यांना दिसत नाही. पण दोन हात लांबीच्या एका ओळीत चाळीसपन्नास टाके येतात, आणि सर्व टाके एकाच दिशेने घातले, की हे कणाकणाचे सरकणे एकत्र साठते. वरच्या थरात अशा रीतीने जे जादा कापड जमा होते त्यास आपण झोळ म्हणू. झोळ नाहीसा करता येत नाही. तो केवळ एका जागेवरून दुसऱ्या जागी सारता येतो. तेव्हा थर जोडण्याच्या कोणत्याही रीतीची परीक्षा करताना एकच प्रश्न विचारावा : या रीतीत झोळाला बाहेर पडण्यास वाट कोठून ठेवली आहे?

चारही कडा अगोदर पक्क्या शिवून मग मध्ये टाके घालावयास घेतले, तर झोळाची वाट बंद होते व तो मधोमध कोंडला जातो. शाळेतल्या गोधडीस येणारा फुगा बहुधा हाच असतो. कडा आधी शिवल्या म्हणजे काम नीटनेटके दिसते, म्हणून शिक्षकांस हा मोह होतो. तो टाळावा.

आता आपल्या गावातील स्त्रिया काय करतात ते पाहावे. सुगीची कामे आटोपल्यावर, उन्हाळ्यात, ओसरीवर किंवा अंगणात सारवलेल्या जागेवर त्या कापडे अंथरतात, हाताने साफ करतात, कोपऱ्यांवर दगड किंवा वरवंटा ठेवतात आणि एका कडेने धावदोरा घालीत समोरच्या कडेकडे जातात. बहुधा निराळा कच्चा टाका त्या घालीत नाहीत, किंवा घातला तर लांब लांब चार दोरे टाकतात. हे पाहून एखादा नवशिक्षित शिक्षक मुलांना सांगतो की, ही गावठी पद्धत होय, पुस्तकात तर प्रथम कच्चा टाका सांगितला आहे. मुलाच्या मनात आजीविषयी असा विचार रुजविण्याचा आपल्याला काय अधिकार? शिवाय ते खरेही नाही. एका कडेने शिवीत जाताना समोरची कड मोकळी असते. प्रत्येक ओळीनंतर त्या तळहाताने पुढचे कापड समोर सारतात आणि झोळ मोकळ्या कडेने बाहेर जातो. शिवून झालेल्या भागावर त्या स्वतः बसतात, म्हणजे त्यांच्याच वजनाने थर दाबून राहतात. गोधडी पुरी होईपर्यंत बहुधा तेथेच पसरलेली असते, आणि शिवणाऱ्या हातांना तीसचाळीस वर्षांची सवय असते. इतक्या गोष्टी अनुकूल असताना कच्चा टाका हा खरोखरच जादा श्रम ठरतो.

याहून चतुर रीत उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांतील सिद्दी स्त्रियांची आहे. आफ्रिकेतून पूर्वी आणल्या गेलेल्या लोकांचे हे वंशज असून त्यांच्यात कोंकणी बोलणारे पुष्कळ आहेत. ते आपल्या गोधडीला कवंदी म्हणतात. कवंदीत वरचा थर अगोदर जोडून तयार केलेला नसतोच. खालचे कापड पसरून एका कोपऱ्यापासून कडेकडेने कापडाचे तुकडे ठेवीत, त्यांच्या कडा दुमडीत व धावदोऱ्याने शिवीत जावयाचे, आणि फेऱ्या घेत घेत मध्यभागी पोहोचावयाचे. बाहेरून आत येणारी ही रीत वरकरणी आपण आताच वर्ज्य ठरविलेल्या रीतीसारखी दिसते. पण येथे वरचा थर अखंड नसल्यामुळे झोळ साठतच नाही. जो थोडा साठेल तो पुढच्या तुकड्याच्या दुमडीत सामावला जातो. एकाच वेळी फक्त एका तुकड्याचा प्रश्न असतो.

बंगालच्या कांथ्याची गोष्ट आणखी वेगळी. तेथे जुन्या मऊ साड्या व धोतरे एकावर एक अंथरून कडा आत दुमडून शिवतात, लांबीच्या दिशेने मोठ्या धावदोऱ्याच्या दोनतीन ओळी घालून थर धरतात, आणि मग बारीक टाक्यांनी सगळे अंग भरतात. कडा अगोदर बंद केल्या तरी तेथे फुगा येत नाही. कारण थर फार पातळ असतात व टाके इतके दाट असतात की, झोळ एका जागी न साठता सर्वभर वाटला जातो. कांथ्याच्या अंगावर पाण्याच्या लहरीसारखी जी बारीक उठावणी दिसते ती याचीच खूण होय. आपल्या शाळेत इतके दाट टाके कोणी घालणार नाही, म्हणून ती वाट आपली नव्हे.

कापूस भरलेल्या रजईचा विचार येथे केलेला नाही. पिंजलेला कापूस हा थर नसून सुटा भर असतो. तो आतल्या आत सरकू नये यासाठी पिंजारी वेगळ्या युक्त्या करतो, आणि ते काम मुलांना देण्याजोगे नाही.

आता शाळेची परिस्थिती घराहून कोठे निराळी आहे? पस्तीसचाळीस मिनिटांचा तास संपला की गोधडी उचलावी लागते, कारण त्याच जागी पोषण आहाराची पंगत बसावयाची असते किंवा दुसरा वर्ग भरावयाचा असतो. एक गोधडी महिना-दीड महिना चालते. तिच्याभोवती सहाआठ मुले बसतात, प्रत्येकाचा हात वेगळा, कोणाचा टाका घट्ट, कोणाचा सैल. आणि सगळी आपापल्या बाजूने शिवीत असल्यामुळे झोळाला निश्चित अशी एकच दिशा राहत नाही. म्हणजे घरच्या रीतीला ज्या गोष्टी अनुकूल होत्या त्या सर्व येथे प्रतिकूल आहेत. जी गोधडी रोज गुंडाळली व उलगडली जाणार आहे, तिचे थर शिवणीच्या आधारावाचूनही एकमेकांना धरून राहिले पाहिजेत. कच्चा टाका शाळेत लागतो तो यासाठी. मुलांना कारण सांगावयाचे तर ते हेच सांगावे. आजीची रीत चुकीची म्हणून नव्हे, तर आजीची ओसरी आपल्यापाशी नाही म्हणून.

थर धरण्याच्या ज्या पद्धती आपणांस उपलब्ध आहेत, त्यांत सेफ्टीपिनांची पद्धत सर्वांत झटपट आहे. मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूस वीत-दीड वीत अंतराने पिना लावीत गेले की एका तासात काम होते. शाळेत शिवणयंत्र असेल व त्यावर टीप मारावयाची असेल, तर ही पद्धत दोऱ्याहून चांगली. कारण यंत्राच्या टिपेखाली कच्चा दोरा अडकला तर तो काढताना नाकी नऊ येतात, आणि पिना मात्र टीप जवळ येताच एकेक काढून घेता येतात. हाताच्या शिवणीस त्यांचा जाच होतो. दोरा पिनेत अडकतो, गोधडी गुंडाळताना पिना वाकतात, आणि पावसाळ्यात दमट खोलीत पडून राहिल्यास त्यांना गंज चढून कापडावर तांबडे डाग पडतात. ते धुऊन जात नाहीत. पातळ विरलेल्या लुगड्याला जाड पिनेने पडलेले भोक तसेच राहते. सेफ्टीपिन ही १८४९ साली अमेरिकेतील वॉल्टर हंट याने एकस्व घेतलेली वस्तू आहे, ही माहिती मुलांना आवडते; पिनेचे टोक झाकलेले का, आणि तिच्या एका टोकास वेढा का, हे प्रश्न विज्ञानाच्या तासास उपयोगी पडतात.

परंतु पिनांच्या बाबतीत मला सर्वांत मोठी भीती वाटते ती निराळीच. शाळेत केलेली लहान गोधडी बहुधा अंगणवाडीत किंवा मुलांच्याच घरी धाकट्या भावंडाकडे जाते. थरांच्या दुमडीत राहून गेलेली एक पिन अथवा टाचणी तान्ह्या मुलाच्या अंगाखाली उघडली, तर काय होईल ते सांगावयास नको. साध्या टाचण्यांच्या बाबतीत हा धोका अधिक, कारण त्या गोधडी उचलताच आपोआप गळतात व शोधून सापडत नाहीत. म्हणून तान्ह्या मुलासाठी करावयाच्या गोधडीत साधी टाचणी वापरूच नये. सेफ्टीपिना वापरावयाच्या असतील तर किती लावल्या तो आकडा फळ्यावर नव्हे, वहीत लिहावा. फळा दुसऱ्या दिवशी पुसला जातो. काढताना तितक्याच मोजून घ्याव्यात, आणि एकही कमी भरली तर गोधडी शाळेबाहेर जाऊ देऊ नये.

चिकटविण्याची पद्धत थोडक्यात सांगतो. गव्हाच्या पिठाची खळ कडेच्या दुमडीपुरती ठीक आहे. सबंध थरांना लावली तर कापड ताठ होऊन मुलांची सुई चालत नाही, आणि गोधडी न धुता पडून राहिली तर झुरळे व उंदीर तिचा समाचार घेतात. डब्यातून फवारण्याचा तयार गोंद आता शहरात मिळतो. त्याचा फवारा ज्वालाग्राही असतो व नाकातोंडात जातो. मुले असलेल्या वर्गात तो आणू नये, एवढेच म्हणणे पुरे.

चौकटीवर ताणून शिवण्याची रीत युरोप-अमेरिकेत फार चालते. लाकडी चौकटीवर थर ताणलेले असल्यामुळे कच्चा टाका कमी लागतो किंवा लागतच नाही, आणि चौकटीभोवती अनेक जणी बसून एकाच वेळी शिवू शकतात. आपल्या एकदोन खोल्यांच्या शाळेत अशी चौकट ठेवणार कोठे? बाजेची दोर सोडून तिच्या चौकटीचा असा उपयोग करता येईल, पण मग ती बाज महिनाभर वर्गात उभी राहील.

उरला दोऱ्याचा कच्चा टाका. तो सर्वांत सावकाश व सर्वांत स्वस्त. गुंडाळले, उलगडले, उन्हात टाकले तरी तो ढळत नाही, आणि त्याचा एखादा धागा चुकून गोधडीत राहिला तर त्याने कोणास इजा होत नाही. हाताने शिवावयाच्या शाळेतल्या गोधडीस मी हीच पद्धत सुचवीन. 'जो दोरा पुढे काढूनच टाकावयाचा, त्यात इतके तास का घालवावयाचे?' अशी शंका शिक्षक नेहमी घेतात. तिचे उत्तर मुलांकडूनच गणिताने काढून घ्यावे. गोधडी १२० सेंटिमीटर लांब व ९० सेंटिमीटर रुंद धरा. चौथी-पाचवीच्या मुलाची वीत सुमारे १५ सेंटिमीटर भरते; म्हणून कच्च्या टाक्यांच्या ओळी एकेक वितीच्या अंतराने घालावयाच्या. रुंदीत सहा विती होतात, म्हणजे कडेच्या धरून ७ उभ्या ओळी. लांबीत आठ विती, म्हणजे ९ आडव्या ओळी. उभ्या ओळींची लांबी ७ गुणिले १२०, म्हणजे ८४० सेंटिमीटर. आडव्यांची ९ गुणिले ९०, म्हणजे ८१० सेंटिमीटर. एकूण साडेसोळा मीटर. थरांतून वरखाली जाण्यास व टोकांस सोडण्यास थोडा जादा धरला तरी वीस मीटर दोरा पुरतो. एक टाका वर चार व खाली एक असा पाच सेंटिमीटरचा घेतला, तर सगळे मिळून ३३० टाके होतात. आठ मुलांत वाटले तर प्रत्येकास एक्केचाळीस-बेचाळीस. दोन तासिकांचे हे काम आहे. वर्गात आठ नसून पाचच मुले असतील तर किती, हे मुलांना काढू द्यावे.

मात्र पद्धत ठरविण्यापूर्वी कापडाकडे पाहिले पाहिजे, कारण कापड बदलले की हिशोब बदलतो. जुने सुती कापड सुती कापडावर बसले की त्याच्या बारीक लवेमुळे दोन्ही थर एकमेकांस धरतात. निम्मे काम कापडच करते. आता घरोघर निघणाऱ्या जुन्या साड्या बहुतांशी कृत्रिम धाग्याच्या असतात. त्या मजबूत असतात, पण एकमेकींवरून पाण्यासारख्या घसरतात. दोन कृत्रिम थर एकमेकांस लागून येऊ देऊ नयेत. मध्ये सुती चादर किंवा धोतराचा थर घालावा, आणि कच्च्या टाक्यांच्या ओळी एका वितीऐवजी अर्ध्या वितीवर घ्याव्यात. वरच्या हिशोबातला दोरा मग जवळजवळ दुप्पट होतो. नवा मांजरपाट खालच्या थरास घ्यावयाचा असेल तर तो आधी धुऊन वाळवून घ्यावा. जुने कापड पूर्वीच आटलेले असते, नवे पहिल्या धुण्यात आटते, आणि कच्चा टाका कितीही चांगला घातलेला असला तरी पहिल्या धुण्यानंतर त्या गोधडीस चुण्या पडतातच. लुगड्याचा काठ अंगापेक्षा जाड व घट्ट विणीचा असतो. तो मधल्या थरात आला तर त्याच्या दोन्ही बाजूंस झोळ येतो, म्हणून काठ कापून वरच्या थरास कडेने लावावा. तेथे तो शोभतोही. प्रत्येक थराचे उभे धागे एकाच दिशेस यावेत, कारण कापड तिरक्या दिशेने सहज ताणले जाते. थर तीन, फार तर चार असावेत. त्याहून अधिक झाल्यास लहान मुलांच्या बोटांना सुई रेटवत नाही. मग ती दातांनी सुई ओढू लागतात.

आता प्रत्यक्ष कृती. सतरंजीवर गोधडी अंथरू नये; सुई सतरंजीलाही टोचते, आणि तास संपल्यावर गोधडी सतरंजीसकट उचलली जाते. शहाबादी फरशी झाडून पुसून घ्यावी. खालचे कापड सर्व बाजूंनी चार बोटे मोठे घ्यावे, त्याची उलटी बाजू वर करावी, आणि कडा चिकटपट्टीने फरशीस लावाव्यात. कापड सरळ राहील इतकेच ओढावे. ताणून चिकटविले तर सोडताच ते आखडते, आणि वरच्या थरांना सुरकुत्या पडतात. जमीन सारवलेली असेल तर पट्टी चिकटणार नाही. तेथे कडेला दगड ठेवावेत. दोन लोखंडी टेबले जोडून त्यांच्या कडांना कार्यालयातल्या कागदाच्या मोठ्या क्लिपा लावल्या तरी चालते, आणि मुलांना वाकावे लागत नाही. मधला थर अंथरून मध्यापासून बाहेर तळहाताने साफ करावा. मग वरचा थर सुलट ठेवून त्यालाही तसेच करावे. विरलेल्या जागा एकावर एक आल्या नाहीत ना, हे याच वेळी पाहून घ्यावे.

दोरा एकेरी, कापडाहून वेगळ्या पण फिक्या रंगाचा घ्यावा. तांबडा किंवा गडद निळा दोरा ओल लागताच रंग सोडतो. साधा सुती, चटकन तुटणारा दोरा येथे उत्तम. पुढे काढताना कापडाऐवजी दोराच तुटतो. पहिली ओळ बरोबर मध्यावरून घालावयाची. आपल्या उदाहरणात ती चौथी उभी ओळ व पाचवी आडवी ओळ होय. त्यांचा अधिकाचा आकार झाला की गोधडीचे चार भाग पडतात, दोनदोन मुले एकेक भाग घेतात, आणि मध्याकडून कडेकडे ओळी घालीत जातात. प्रत्येक ओळीपूर्वी हात फिरवून झोळ बाहेर सारावा. कडेच्या ओळी सर्वांत शेवटी. फरशीवर सुईचे टोक घासते व वर येत नाही. तेव्हा पोषण आहाराचा एक चमचा डाव्या हातात घेऊन त्याच्या कडेने टोक उचलून घ्यावे. मुले ही युक्ती एकदा दाखविली की विसरत नाहीत. कापड फार घसरते असेल तर सरळ टाक्याऐवजी तिरका कच्चा टाका घ्यावा. यात सुई प्रत्येक वेळी आडवी घालतात व दोरा वरून तिरका जातो. कोटाचे आतले कापड धरण्यासाठी शिंपी हाच टाका घालतात. त्यामुळे थर उभ्या व आडव्या दोन्ही दिशांना धरले जातात.

वर्गाला हे नुसते सांगण्यापेक्षा एक छोटा प्रयोग करावा. दोन वीत लांब-रुंद असे तिनतीन थरांचे तीन नमुने घ्यावेत. पहिल्यास काही लावू नये, दुसऱ्यास पिना लावाव्यात, तिसऱ्यास कच्चा टाका घालावा. तिन्हींवर एकाच मुलाने, एकाच बाजूने समोरच्या कडेपर्यंत धावदोऱ्याच्या पाचसहा ओळी घालाव्यात. नंतर समोरच्या कडेला वरचा थर खालच्या थरापुढे किती गेला ते मोजपट्टीने मोजून वहीत लिहावे. पुढच्या वेळी हाच प्रयोग सुती कापडाऐवजी कृत्रिम साडीचा तुकडा घेऊन करावा. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेने हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवावा असे म्हटले, ते मुलांनी वस्तू तयार करून विकाव्यात एवढ्याचसाठी नव्हते. उद्योगातील प्रत्येक क्रियेमागचे कारण मुलाने शोधावे, हाही त्यामागील विचार होता. तो विचार शाळांच्या टकळ्यांबरोबर अडगळीत पडला, ही गोष्ट वेगळी.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवसांची जी तरतूद आहे, तिचा उपयोग येथे चांगला होईल. त्यांतील एका दिवशी गावातील गोधडी शिवणाऱ्या दोनतीन आजींना शाळेत बोलवावे. त्यांना मुलांची पद्धत शिकवू नये. त्यांना त्यांच्या रीतीने ओसरीवर शिवू द्यावे, आणि मुलांनी फक्त एवढेच पाहावे की त्या हात केव्हा फिरवितात, कोठल्या कडेने सुरुवात करतात आणि झोळ कोठे नेतात. प्रश्न विचारताना 'आजी, तुम्ही असे का करता?' असे विचारले तर बहुधा 'असंच करत्यात' हे उत्तर मिळेल. 'आजी, तिकडून सुरू केलं तर काय बिघडेल?' असे विचारल्यास बरेच काही ऐकावयास मिळते.

धावदोरा पुरा होत जाईल तसतसा कच्चा टाका काढावा. सगळा एकदम काढण्याची घाई करू नये. ज्या भागात पक्की शिवण दोन्ही बाजूंस झाली असेल तेथलाच दोरा काढावयाचा. तो दर वितीवर कातरून वरच्या बाजूने तुकड्यातुकड्याने ओढावा. एका टोकास धरून सबंध ओळ ओढली तर जुने कापड फाटते. प्रत्येक तासाच्या शेवटी सुया मोजून डबीत ठेवाव्यात; डबीच्या झाकणास विज्ञानपेटीतला चुंबक बांधून ठेवला तर फरशीवर पडलेली सुई शोधण्यासही तो लागतो. गोधडीची घडी न घालता शिवलेली बाजू बाहेर ठेवून ती गुंडाळावी, वर जुने धोतर बांधावे, आणि पुढच्या तासास उलगडल्यावर टाके घालण्यापूर्वी मुलांनी एकदा मध्यापासून कडेपर्यंत तिच्यावर हात फिरवून घ्यावा.